चार कर्जांचं एक कर्ज केल्यानं व्याज कमी होत नाही

प्रश्न न्यू जर्सीहून आला आहे: 'मुलगा मे 2024 मध्ये पदवीधर झाला. त्याच्या नावावर चार वर्षांची चार फेडरल कर्जं आहेत, मिळून 27,000 डॉलर. त्याच्याच शिक्षणासाठी माझ्या नावावर पेरेंट प्लसचे, म्हणजे पालकाने घ्यायच्या फेडरल कर्जाचे, 62,000 डॉलर. माझं वय 57, राज्य सरकारच्या एका खात्यात कन्सल्टिंग कंपनीमार्फत काम करतो. पत्नी पब्लिक स्कूलमध्ये शिक्षिका आहे. मुलगा ना-नफा तत्त्वावरच्या रुग्णालयात नोकरी करतो. धाकटी मुलगी येत्या सप्टेंबरात कॉलेजला जाईल. परवा एका कंपनीचा फोन आला. सगळी कर्जं एकत्र करून देतो, व्याज निम्म्यावर येईल, फी फक्त 799 डॉलर. करावं का?'

आधी उत्तर देतो, मग कारणं. त्या कंपनीला नाही म्हणा. मुलाच्या कर्जांना हात लावू नका. तुमच्या पेरेंट प्लसचं एकत्रीकरण करायचं का, हे मात्र याच आठवड्यात घरी बसून ठरवा. आज फेब्रुवारी 2026 चालू आहे आणि 1 जुलै 2026 नंतर या निर्णयाची किंमत पूर्ण बदलणार आहे.

आता कारणं. कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयात बरीच वर्षं काढली आणि त्यानंतर घरोघरची कर्जाची कागदपत्रं पाहत आलो. एक गोष्ट वारंवार दिसते. कन्सॉलिडेशन, म्हणजे कर्जांचं एकत्रीकरण, म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे गृहकर्जाचं बॅलन्स ट्रान्सफर येतं, म्हणजे एका बँकेतून दुसरीत गेलो आणि दर पाव-अर्धा टक्का उतरला. फेडरल कन्सॉलिडेशनचा त्याच्याशी काही संबंध नाही. मला त्यापेक्षा गावाकडचं जमिनींचं एकत्रीकरण जवळचं वाटतं. विखुरलेले तुकडे एकत्र झाले, जुने सर्व्हे नंबर गेले आणि नवे गट नंबर पडले. क्षेत्र वाढलं नाही, जमिनीचा कसही बदलला नाही, पण जुना नंबर घेऊन तलाठ्याकडे गेलात तर त्याला काही अर्थ उरला नाही. इथेही तसंच होतं. सरकार तुमची जुनी कर्जं फेडून टाकतं आणि त्या रकमेचं एक नवं कर्ज तुमच्या नावावर काढतं. नवा नंबर, नवी तारीख, आणि त्या तारखेला जे नियम लागू असतील ते. बहुतेक गैरसमज 'हे नवं कर्ज आहे' एवढं लक्षात न आल्यामुळे होतात.

पहिला आणि सगळ्यांत हट्टी गैरसमज व्याजाचा. नव्या कर्जाचा दर म्हणजे जुन्या कर्जांच्या दरांची भारित सरासरी (ज्या कर्जाची रक्कम मोठी त्याच्या दराला वजन जास्त), वर एक-अष्टमांश टक्क्याच्या पुढच्या टप्प्यापर्यंत वाढवलेली. खाली कधीच नाही. तुमच्या मुलाचंच गणित करू. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला मिळणाऱ्या कमाल रकमा त्याने घेतलेल्या दिसतात: 2020-21 ला 5,500 डॉलर 2.75 टक्क्यांनी, पुढच्या वर्षी 6,500 डॉलर 3.73 टक्क्यांनी, मग 7,500 डॉलर 4.99 टक्क्यांनी आणि शेवटचे 7,500 डॉलर 5.50 टक्क्यांनी. भारित सरासरी येते 4.372. पुढचा टप्पा 4.375. म्हणजे वर्षाला साधारण 80 सेंटचा फरक, तोही वाढीव. फोनवरचा माणूस 'निम्मं व्याज' म्हणाला ना? त्याला हे सूत्र विचारून बघा.

ही समजूत आली कुठून, हेही सांगतो, कारण एके काळी ती खरी होती. 1 जुलै 2006 च्या आधी दिलेल्या फेडरल विद्यार्थी कर्जांचे दर बदलते असायचे, दर 1 जुलैला नवा दर. 2004-05 मध्ये ते इतके खाली गेले होते की ज्यांनी त्या वर्षी एकत्रीकरण केलं त्यांनी सव्वातीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपासचा दर आयुष्यभरासाठी बांधून घेतला. त्या काळात लोकांच्या टपालपेट्या अशा जाहिरातींनी भरलेल्या असत. ज्या काकांनी तेव्हा केलं ते आजही गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत नव्या पोरांना सांगतात, 'कन्सॉलिडेट कर, मी तसंच केलं.' काका खोटं बोलत नाहीत, पण त्यांचं कर्ज वेगळं होतं. 2006 नंतरची कर्जं ठरावीक दराचीच आहेत, त्यामुळे बांधून ठेवायला काही उरलेलं नाही.

'पण हप्ता कमी येतो ना?' हा पुढचा प्रश्न. येतो, कारण मुदत वाढते. आजच्या नियमांनुसार एकत्र केलेल्या कर्जाची स्टँडर्ड मुदत तुमच्या एकूण शैक्षणिक कर्जावर ठरते आणि ती 10 पासून 30 वर्षांपर्यंत असते. 20,000 ते 40,000 डॉलरच्या गटात 20 वर्षं, 60,000 च्या पुढे 30. मुलाचे 27,000 डॉलर 10 वर्षांत फेडले तर महिन्याला सुमारे 278 डॉलर आणि एकूण व्याज सुमारे 6,400. तेच 20 वर्षांवर नेले तर हप्ता 169 वर उतरतो आणि व्याज जातं 13,560 च्या आसपास. तुमच्या 62,000 चं गणित आणखी बोचरं आहे, ते पुढे येईल. लोक हप्त्याचा आकडा बघतात, मुदतीची ओळ वाचत नाहीत. यात फसवणूक काही नाही, फॉर्मवर सगळं लिहिलेलं असतं.

मुलाच्या बाबतीत आणखी एक तोटा आहे, तो कोणी बोलून दाखवत नाही. आज त्याची चार कर्जं वेगळी आहेत. हातात चार पैसे जास्त आले, दिवाळीत तुम्ही काही दिलं, तर तो ते 5.50 टक्क्यांच्या कर्जावर टाकू शकतो आणि 2.75 चं आपलं निवांत पडून राहू देतो. एकदा सगळं एका पातेल्यात ओतलं की गोड-तिखट वेगळं काढता येत नाही, सगळंच 4.375. 'चार बिलं सांभाळायचा ताप वाचतो' म्हणाल, तर त्याला बहुधा बिल एकच येत असेल. अलीकडच्या काळातली विद्यार्थी कर्जं सरकारकडूनच थेट असतात आणि सहसा एकाच सर्व्हिसरकडे, म्हणजे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीकडे, असतात. एकाच बिलात चार ओळी दिसल्या म्हणजे चार बिलं होत नाहीत.

आता पीएसएलएफ, म्हणजे सार्वजनिक सेवेतल्या लोकांची कर्जमाफी. 2007 च्या कायद्याने आलेली ही योजना. सरकारी किंवा पात्र ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी आणि 120 पात्र हप्ते, मग उरलेलं कर्ज माफ. हिच्याभोवती तीन गैरसमज आहेत आणि तुमच्या घरात तिन्ही लागू पडतात.

एक, 'पीएसएलएफ हवं तर आधी कन्सॉलिडेशन करावंच लागतं.' हे ज्यांची जुनी एफएफईएल किंवा पर्किन्स कर्जं आहेत त्यांच्यापुरतं खरं. एफएफईएलमध्ये सरकारच्या हमीवर खासगी बँका पैसे द्यायच्या. ती योजना 30 जून 2010 ला नव्या कर्जांसाठी बंद झाली. पर्किन्स 2017 मध्ये संपली. पीएसएलएफ फक्त डायरेक्ट लोनला, म्हणजे सरकारने थेट दिलेल्या कर्जाला मिळते, म्हणून 2010 च्या आधी शिकलेल्यांनी ती जुनी कर्जं एकत्रीकरणातून डायरेक्टमध्ये आणायची असतात. तुमच्या मुलाची चारही कर्जं जन्मापासून डायरेक्ट आहेत. त्याला या पायरीची गरजच नाही. उलट एकत्रीकरण करून तो 20 वर्षांच्या स्टँडर्ड मुदतीवर बसला, तर ते हप्ते पीएसएलएफच्या मोजणीत धरलेच जाणार नाहीत. दोन-तीन वर्षं इमानेइतबारे हप्ते भरलेली माणसं मोजणी शून्य बघून माझ्यासमोर रडलेली आहेत. नोकरी पात्र होती, कर्ज पात्र होतं, हप्त्याची योजना नव्हती. मुलाला माफीचा फायदा हवा असेल तर उत्पन्नावर आधारित योजनेत राहावं लागेल. त्याने पहिलं कर्जच 2020 मध्ये घेतलंय, त्यामुळे त्याला आयबीआर या अशाच एका योजनेत ठरावीक मर्यादेवरच्या उत्पन्नाच्या 10 टक्के हप्ता येतो. सध्या पगार कमी असेल तर हे नक्की बघा. पगार चांगला असेल तर 10 वर्षांत सरळ फेडून मोकळं होणं बरं.

दोन, 'एकत्रीकरण केलं की आधीचे पात्र हप्ते पुसले जातात.' पूर्वी पुसले जायचे, म्हणून जुने लोक घाबरवतात. जुलै 2023 पासून नियम बदलला आणि पीएसएलएफसाठी आता कर्जांच्या रकमेनुसार भारित सरासरी काढतात. समजा 10,000 डॉलरच्या कर्जावर 60 पात्र हप्ते झालेत आणि 30,000 च्या कर्जावर एकही नाही. दोन्ही एकत्र केलीत तर नव्या कर्जावर 15 हप्ते जमा दिसतील. शून्य नाही, पण 60 सुद्धा नाही. म्हणून ज्या कर्जावर जास्त हप्ते झालेत ते बाहेर ठेवायचं. कारण, आणि हाही एक गैरसमजच, एकत्रीकरणात सगळी कर्जं घालावीच लागतात असं अजिबात नाही. फॉर्मवर यादी येते, हवी ती निवडायची. मध्यंतरी सरकारने एक सवलत दिली होती, ज्यात एकत्रीकरण केल्यावर सगळ्यांत जुन्या कर्जाची वर्षं नव्याला मिळत होती. त्यासाठी अर्ज करायची मुदत 30 जून 2024 ला संपली. इंटरनेटवर अजून तोच सल्ला फिरतोय.

तीन, 'मुलगा रुग्णालयात आहे, म्हणजे पेरेंट प्लसही माफ होईल.' नाही. पेरेंट प्लसमध्ये कर्जदार पालक असतो आणि नोकरी पालकाचीच बघतात. आणि पालक म्हणजे ज्याने सही केली तो. तुम्ही राज्य सरकारच्या खात्यात बसता, बॅज सरकारी आहे, पण पगार कन्सल्टिंग कंपनी देते. पीएसएलएफच्या दृष्टीने तुमचा मालक ती कंपनी, त्यामुळे तुम्ही बसत नाही. आपल्या आयटीवाल्यांपैकी निम्म्यांची हीच गत आहे. तुमच्या पत्नी पब्लिक स्कूलमध्ये आहेत, त्या बसल्या असत्या, पण कर्ज त्यांच्या नावावर नाही. 'मग आता तिच्या नावावर करता येईल का?' असं तुमच्या मनात आलं असेल. नाही. फेडरल एकत्रीकरणात कर्जदार बदलत नाही. आईबापाचं कर्ज मुलाच्या नावावर जात नाही, मुलाचं तुमच्या कर्जात मिसळत नाही, नवऱ्याचं बायकोच्यात मिसळत नाही. नवरा-बायकोचं एकत्र कर्ज पूर्वी व्हायचं, पण 1 जुलै 2006 पासून ते बंद झालं, आणि ज्यांनी केलं होतं त्यांना घटस्फोटानंतरही ते तोडता येईना. शेवटी 2022 मध्ये अमेरिकी काँग्रेसला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. तेव्हा 'सगळी कर्जं एकत्र करून देतो' हे त्या फोनवरच्या माणसाचं वाक्यच अशक्य आहे.

आता तुमचे 62,000. इथे थोडं थांबून वाचा.

पेरेंट प्लसला उत्पन्नावर आधारित हप्त्याची कोणतीही योजना थेट लागू होत नाही. एकत्रीकरण केलं तर आयसीआर नावाची एक योजना उघडते. ती महागडी आहे: ठरावीक रकमेच्या वरच्या उत्पन्नाचे 20 टक्के. पण जुलै 2025 मध्ये आलेल्या मोठ्या कायद्याने, ज्याला इथे सगळे 'बिग ब्यूटिफुल बिल' म्हणतात, चित्र बदललं. आयसीआर 1 जुलै 2028 पर्यंत बंद होईल. नवं पेरेंट प्लस 1 जुलै 2026 पासून फक्त ठरावीक हप्त्यांच्या स्टँडर्ड योजनेतच फेडता येईल. आणि ज्या पालकांचं एकत्रीकरण 1 जुलै 2026 च्या आधी पूर्ण झालेलं असेल, त्यांना आयसीआरमध्ये शिरून, तिथे किमान एक हप्ता भरून, पुढे आयबीआरला जाता येईल. आयबीआरमध्ये उत्पन्नाचा कमी टक्का द्यावा लागतो आणि तिचा हप्ता 10 वर्षांच्या स्टँडर्ड हप्त्यापेक्षा जास्त कधी होत नाही. 1 जुलै 2026 नंतर एकत्रीकरण केलंत, तर ते त्या तारखेनंतरचं नवं कर्ज ठरेल, आणि पालकांसाठी ही वाट बंद. नवा गट नंबर, नवे नियम.

'अर्ज 30 जूनला केला तर चालेल ना?' हा प्रश्न मला या महिन्यात अनेकांनी विचारला. चालणार नाही. जुनी कर्जं फेडून नवं कर्ज प्रत्यक्ष वितरित झालेलं असावं लागतं आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. मार्चच्या पुढे ढकलू नका.

हे करावं का, याचा हिशेब मांडू. तुमचे चार वर्षांचे समान 15,500 डॉलर धरले, तर दर होते 5.30, 6.28, 7.54 आणि 8.05. सरासरी 6.7925, पुढचा टप्पा 6.875. फरक वर्षाला 51 डॉलर. न भरलेलं व्याज साचलेलं असेल तर ते एकत्रीकरणाच्या दिवशी मुद्दलात मिसळेल आणि त्यावर पुढे व्याज चढेल, म्हणून अर्जाआधी ते भरून टाका. मग उरतो फक्त हा वर्षाचा 51 डॉलरचा खर्च. त्याला मी विम्याचा हप्ता म्हणेन. आज तुमच्या दोघांच्या उत्पन्नावर आयबीआरमध्ये काही बचत होणार नाही, कदाचित आयसीआरचा तो एक हप्ता तर नेहमीपेक्षा मोठा येईल. पण तुम्ही 57 चे आहात. पाच-सहा वर्षांनी निवृत्त झालात, किंवा आयटीत सध्या जे चाललंय त्यात त्याआधीच घरी बसावं लागलं, तर आयबीआरचा हप्ता उत्पन्नाबरोबर खाली येईल. सोशल सिक्युरिटीचा जो भाग करपात्र नसतो तो त्या उत्पन्नात धरतही नाहीत. एकत्रीकरण केलं नाहीत तर नोकरी असो वा नसो, 10 वर्षांच्या योजनेचा हप्ता ठरलेलाच.

एकत्रीकरण करण्यातला धोका मुदतीचा. 62,000 डॉलर 6.875 टक्क्यांनी 10 वर्षांत फेडले, सोयीसाठी आजपासून धरू, तर महिन्याला सुमारे 716 आणि व्याज 24,000 च्या आत. एकत्रीकरणानंतर स्टँडर्ड मुदत निवडलीत तर 30 वर्षं, हप्ता 407, आणि व्याज साधारण 84,600. मुद्दलापेक्षा व्याज जास्त. तुम्ही 87 वर्षांचे होईपर्यंत. मुदतीआधी फेडायला दंड नाही, म्हणून माझा सल्ला असा: एकत्रीकरण करा, आयबीआरचा दरवाजा उघडा ठेवा, आणि नोकरी आहे तोवर 716 च भरत राहा. ऑटोपे लावताना रक्कम स्वतः टाका. हप्ता कमी दाखवतोय म्हणून तो कमी भरायला लागलात तर हा विमा फार महाग पडेल. तुमचा स्वभाव तुम्हाला माहीत. हातात आलेला पैसा टिकत नसेल, तर आहे तसं 10 वर्षांवर राहणंच शहाणपणाचं.

वीस-पंचवीस वर्षांनी उरलेलं माफ होतं, हे आयबीआरबद्दल ऐकलं असेल. तुमच्या वयाला त्या आशेवर गणित बांधू नका.

आणि आता धाकटी. इथे भलेभले सल्लागार चुकताना पाहतोय. 1 जुलै 2026 नंतर तुम्ही स्वतःच्या नावावर एकही नवं फेडरल कर्ज घेतलंत, तर जुन्या योजनांचा हक्क जातो, त्या जुन्या एकत्र केलेल्या कर्जावरचाही. म्हणजे मे महिन्यात धावपळ करून एकत्रीकरण करायचं, आणि ऑगस्टमध्ये मुलीच्या फीसाठी पेरेंट प्लसवर सही करायची, की सगळं पाण्यात. मुलीसाठी प्लस घ्यायचंच असेल तर सही पत्नीने करावी. नियम कर्जदाराला लागतो, कुटुंबाला नाही. नव्या कायद्याने पेरेंट प्लसला मर्यादाही आली आहे: एका मुलामागे वर्षाला 20,000 आणि एकूण 65,000 डॉलर. थोरल्याच्या वेळी कॉलेजचा पूर्ण खर्च उचलता येत होता, तसं आता नाही. पत्नीच्या नावावर घेतलेलं हे नवं कर्ज त्यांच्या शिक्षिकेच्या नोकरीवर पीएसएलएफमध्ये बसवता येईल का, असं विचाराल, तर नव्या प्लसला फक्त स्टँडर्ड योजना उरल्यामुळे ती आशा धरू नका.

मुलालाही हीच तारीख सांगून ठेवा. त्याला मास्टर्स करायचं असेल आणि 1 जुलै 2026 नंतर त्याने त्यासाठी फेडरल कर्ज घेतलं, किंवा नुसतं जुन्यांचं एकत्रीकरण केलं, तर आयबीआर जाईल आणि रॅप नावाची नवी योजना किंवा स्टँडर्ड एवढंच उरेल. रॅप वाईटच आहे असं नाही, हप्त्यातून न भागलेलं व्याज ती चढू देत नाही. पण माफीसाठी 30 वर्षं लागतात. पीएसएलएफला मात्र ती चालते.

बाकीचे गैरसमज भराभर. एकत्रीकरणासाठी क्रेडिट स्कोअर बघत नाहीत, त्यामुळे स्कोअर कमी म्हणून अर्ज नाकारतील ही भीती नको. नुकत्याच पदवीधर झालेल्यांचा हप्ते सुरू होण्याआधीचा सहा महिन्यांचा ग्रेस पिरियड एकत्रीकरणाने संपतो, अर्जात प्रक्रिया लांबवायची सोय असते ती वापरावी. एकत्रीकरण झाल्यावर 180 दिवसांत राहिलेलं एखादं कर्ज त्यात घालता येतं, पण आत गेलेलं बाहेर काढता येत नाही. कर्ज फेडण्याआधी सर्व्हिसर एक सूचना पाठवतो, त्यात रद्द करायची तारीख असते, ती गेली की संपलं. डिफॉल्टमध्ये गेलेलं कर्ज एकत्रीकरणाने लवकर बाहेर निघतं हे खरं, पण क्रेडिट रिपोर्टवरचा डिफॉल्टचा डाग त्याने जात नाही. तो पुसायचा तर दहा महिन्यांत नऊ हप्त्यांचा रिहॅबिलिटेशनचा लांबचा रस्ता धरावा लागतो. आणि पर्किन्स असलेल्या शिक्षकांनी दोनदा विचार करावा, कारण पर्किन्सची शिक्षकांसाठीची वेगळी माफी एकत्रीकरणात जाते.

भारतातून शिकायला आलेल्यांचा प्रश्न मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात येतो, म्हणून तोही घेतो. एफ-1 वर आलेल्यांना फेडरल कर्ज मिळतच नाही, एच-1बी आणि एच-4 वाल्यांनाही नाही. नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि निर्वासितांसारखे काही मोजके गट यांनाच मिळतं. त्यामुळे पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या शाखेतून घर तारण ठेवून काढलेलं कर्ज इथल्या एकत्रीकरणात घालता येणार नाही, पुढे ग्रीन कार्ड मिळालं तरी. ते इथल्या एखाद्या खासगी संस्थेकडे रिफायनान्स करता येऊ शकतं, पण ती वेगळी गोष्ट.

ती वेगळी गोष्ट म्हणजे काय, एवढं सांगून थांबतो. रिफायनान्समध्ये खासगी बँक तुमचं फेडरल कर्ज फेडते आणि स्वतःच्या दराने नवं देते. इथे दर खरोखर कमी होऊ शकतो, स्कोअर आणि पगार बघून. पण त्या क्षणी कर्ज फेडरल राहत नाही. आयबीआर नाही, पीएसएलएफ नाही, आणि परत फेडरलमध्ये आणता येत नाही. मुलासाठी मी हे कधीच सुचवणार नाही, 2.75 आणि 3.73 चे दर त्याला कोण देणार? तुमच्या 8.05 च्या कर्जासाठी मात्र, निवृत्तीची पुंजी भक्कम असेल आणि तीन-चार वर्षांत फेडूनच टाकायचं असेल, तर दर विचारायला हरकत नाही. फोनवाला कन्सॉलिडेशन म्हणाला पण त्याच्या मनात रिफायनान्स असण्याची शक्यता आहे. किंवा दोन्ही नाही, फक्त तुमचे 799 डॉलर.

फेडरल एकत्रीकरण फुकट आहे. स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर अर्धा तास लागतो. फोनवरून कर्जमुक्तीची सेवा विकून काम होण्याआधी फी घेणं फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमांनुसार बेकायदा आहे. त्यांनी तुमचा एफएसए आयडी (त्या संकेतस्थळावरच्या तुमच्या खात्याचा) आणि पासवर्ड मागितला असेल आणि तुम्ही दिला असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी तो पासवर्ड बदला. मग लॉग इन करून 'माय एड' मध्ये बघा: तुमच्या चार प्लस कर्जांवर साचलेलं व्याज किती आहे, आणि आजवर तुमच्या नावाने कुणी अर्ज भरून ठेवला आहे का. तो आकडा कळवलात तर 51 डॉलरचा माझा हिशेब पुन्हा तपासून देतो.